लक्षणं काहीच नाहीत, तरी 'एसटीडी पॅनल' (लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांच्या चाचण्या) किती दिवसांनी आणि नेमकं कोणतं?

चौथा_मजला (प्रश्न)

वय २९, पुणे. कायमचा एकच जोडीदार नाही, वर्षाला दोन-तीन होतात. निरोध बहुतेक वेळा असतो, मुखमैथुनाला नसतो. त्रास म्हणाल तर शून्य. जळजळ नाही, पू नाही, जखम नाही. शेवटचा संबंध १२ दिवसांपूर्वी.

खासगी लॅबच्या पॅकेजमध्ये हे आहे: एचआयव्ही १ व २, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी), अँटी-एचसीव्ही (हेपॅटायटिस सी), हर्पिस १ व २ चं आयजीजी आणि आयजीएम (प्रतिपिंडांचे दोन प्रकार), क्लॅमिडियाचं आयजीजी आणि आयजीएम, शिवाय लघवीची रुटीन तपासणी. एवढं पुरेसं आहे का? आत्ताच द्यावं की थांबावं? वर्षातून किती वेळा? आणि हे सरकारी दवाखान्यात होतं का? "काही होत नसेल तर कशाला तपासतोस" हे उत्तर मित्रांनी दिलेलं आहे, ते परत नको.

---

नळीवाली

मित्रांचं उत्तर उलटं आहे. त्रास होतो तो माणूस दवाखान्यात जातोच. तपासणीची खरी गरज त्रास न होणाऱ्यालाच असते. क्लॅमिडिया (संबंधातून पसरणारा जंतू) झालेल्या बहुतेक बायकांना आणि साधारण निम्म्या पुरुषांना काही कळतच नाही. घशातला गनोरिया (जुन्या भाषेत परमा) तर जवळपास नेहमीच गप्प असतो.

आता पॅकेज. त्यातल्या अर्ध्या गोष्टी काढून टाका आणि जी सगळ्यात महत्त्वाची आहे ती त्यात नाहीच, ती घाला.

काढायचं काय? क्लॅमिडियाचं आयजीजी-आयजीएम. रक्तातली प्रतिपिंडं तुम्हाला आत्ता मूत्रमार्गात जंतू आहे की नाही हे सांगू शकत नाहीत. जुना संसर्ग, क्लॅमिडियाच्याच कुळातला श्वसनमार्गाचा जंतू, कशानेही ती पॉझिटिव्ह येतात. हर्पिसचं आयजीएम तर पूर्ण निरुपयोगी. हर्पिस १ चं आयजीजी लहानपणी ओठावर जर (तापाचे फोड) आलेल्या कित्येकांचं आयुष्यभर पॉझिटिव्ह असतं, त्यावरून गुप्तांगाबद्दल काहीही ठरत नाही. हर्पिस २ चं आयजीजी कटऑफच्या थोडंच वर आलं तर ते खोटं पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते. लक्षण नसलेल्या माणसाने ही चाचणी करून झोप घालवण्यापलीकडे काही साधत नाही. फोड आला तर तो ताजा असताना, खपली धरायच्या आत, त्याच्या बुडाचा स्वॅब घेऊन पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करायचा. हर्पिसची खरी तपासणी ती. 'टॉर्च पॅनल' (गरोदरपणात बाळाला धोक्याच्या संसर्गांचं पॅकेज) कुणी सुचवलं तर तेही नको, त्याचा इथे संबंध नाही.

लघवीची रुटीन तपासणी फार तर पूपेशी दाखवेल. क्लॅमिडिया-गनोरिया ती ओळखत नाही आणि लघवीचं नेहमीचं कल्चरही ओळखत नाही. "युरिन नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही" हा गैरसमज काउंटरवर रोजचा आहे.

घालायचं ते म्हणजे क्लॅमिडिया आणि गनोरियाची पीसीआर, रिपोर्टवर 'नॅट' असंही लिहिलेलं असतं. इथे नमुना कसा दिला यावर अर्धी लढाई ठरते. पुरुषांनी लघवीची सुरुवातीची धार द्यायची, २० ते ३० मिली, बस. त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नको, दोन तास असेल तर उत्तम. आधी धुऊन-पुसून यायचं नाही. आणि काउंटरवरची व्यक्ती सवयीने "मधली धार द्या" म्हणेल, कारण कल्चरला तेच लागतं. इथे ते चूक आहे, कारण मूत्रमार्गाच्या भिंतीवरचे जंतू पहिल्या धारेबरोबर वाहून येतात. डबी काठोकाठ भरून देणारेही भेटतात. मग नमुना पातळ होतो आणि कमी जंतू असतील तर निसटतात.

मुखमैथुन असेल तर घशाचा स्वॅब वेगळा (दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत, नुसतं गालाच्या आत फिरवणं नव्हे). गुदमैथुन असेल तर गुदद्वाराचा वेगळा, ३-४ सेंमी आत. लघवी निगेटिव्ह आणि घसा पॉझिटिव्ह ही जोडी अजिबात दुर्मिळ नाही. लॅब त्या जागेचा नमुना घेते का, हे फोनवर आधी विचारा. सगळ्या घेत नाहीत.

एक सावधगिरी. काही पीसीआर पॅनलमध्ये एकदम सात-आठ जंतू असतात आणि त्यात युरियाप्लाझ्मा, मायकोप्लाझ्मा होमिनिस हेही मोजतात. हे दोन कित्येक निरोगी लोकांत नांदत असतात. त्रास नसताना त्यांच्यासाठी अँटिबायोटिक घेणं म्हणजे पाहुण्याला चोर समजून मारणं.

उपाशीपोटी यायची गरज यातल्या कशालाच नाही.

---

स्किन_ओपीडी

वरचं सगळं बरोबर. मी 'कधी' या प्रश्नाकडे वळतो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. संबंध शुक्रवारी, तपासणी सोमवारी, रिपोर्ट निगेटिव्ह, माणूस निर्धास्त. त्या रिपोर्टने फक्त शुक्रवारच्या आधीचं सांगितलेलं असतं.

प्रत्येक आजाराचं घड्याळ वेगळं. गनोरिया-क्लॅमिडियाची पीसीआर संबंधानंतर दोन आठवड्यांनी विश्वासार्ह. एचआयव्हीची चौथ्या पिढीची चाचणी (शिरेतलं रक्त, पी२४ अँटिजेन आणि प्रतिपिंडं दोन्ही) १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते, म्हणून साडेसहा आठवड्यांनी केलेली निगेटिव्ह ग्राह्य. फक्त प्रतिपिंडं बघणारं रॅपिड किट असेल तर ९० दिवस धरा. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असते, ती वाचा, 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' एवढंच वाचू नका. सिफिलिस आणि हेपॅटायटिस बी साठी शेवटची तपासणी तीन महिन्यांनी. हेपॅटायटिस सी ची प्रतिपिंडं बहुतेकांत तीन महिन्यांत दिसतात, काहींत सहा महिने लागतात.

म्हणजे तुमच्या १२ व्या दिवशी: दोन दिवस थांबून पीसीआर द्या, रक्त त्याच वेळी 'पायाभूत' म्हणून द्या, पण ते दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी परत द्यावं लागेल. एकाच फेरीत सगळं उरकत नाही.

नियमित म्हणजे किती? जोडीदार बदलत असतील तर किमान वर्षातून एकदा. वर्षात अनेक जोडीदार असतील, किंवा पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतील, तर दर तीन ते सहा महिन्यांनी. प्रेप (एचआयव्ही टाळायला आधीपासून घ्यायच्या गोळ्या) घेत असाल तर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी झाल्याशिवाय पुढच्या गोळ्या घेऊच नका. आधीपासून संसर्ग असताना फक्त दोन औषधांच्या प्रेपवर राहिलात तर विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो. आणि नवीन जोडीदाराबरोबर निरोध सोडायचा बेत असेल, तर दोघांनीही, तीन महिन्यांचा हिशेब धरून, त्याआधी.

---

गोंधळी_७७

मध्येच विचारतो. व्हीडीआरएल 'रिअ‍ॅक्टिव्ह १:२' आली आहे. कुठेही जखम आठवत नाही. लॅबवाला म्हणतो सिफिलिस, फॅमिली डॉक्टर म्हणतात दुर्लक्ष करा. कोणाचं ऐकायचं?

---

स्किन_ओपीडी

दोघांचंही नाही. टीपीएचए करा.

व्हीडीआरएल आणि आरपीआर या चाचण्या सिफिलिसच्या (उपदंश, गरमी) जंतूला थेट शोधतच नाहीत. पेशींची मोडतोड झाली की शरीर कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, ती या चाचण्या मोजतात. अशी मोडतोड मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस, कधी गरोदरपणातही होते. अशी खोटी पॉझिटिव्ह बहुधा कमी टायटरची (रक्त किती पट पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह राहते तो आकडा) असते, १:८ किंवा त्याखाली. पण "कमी टायटर म्हणजे खोटी" असं उलटं वाचता येत नाही. अगदी सुरुवातीचा आणि फार जुना सिफिलिसही १:२ देतो.

टीपीएचए जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर सिफिलिस, आत्ताचा किंवा पूर्वी उपचार झालेला. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, टीपीएचए निगेटिव्ह असेल तर बहुतेक खोटी, तरी दोन ते चार आठवड्यांनी दोन्ही परत. व्हीडीआरएल निगेटिव्ह, टीपीएचए पॉझिटिव्ह असेल तर जुना उपचारित, किंवा अगदी ताजा, किंवा खूप जुना, न उपचारलेला. इथे पूर्वी इंजेक्शनं घेतलीत का, हाच मुख्य प्रश्न. दोन्ही निगेटिव्ह, पण अंगावर चार दिवसांची जखम, तर सिफिलिस नाही असं म्हणायचं नाही. जखम आल्यावर आरपीआर पॉझिटिव्ह व्हायला एक ते चार आठवडे जातात.

जखम आठवत नाही याचं आश्चर्य नाही. संसर्गानंतर सरासरी तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवस) ती उठते, दुखत नाही, कडेला कडक लागते, जांघेत न दुखणारी अवधाणं (गाठी) येतात आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते. तोंडात, गुदद्वारात किंवा योनीच्या आत असेल तर दिसतही नाही. भरली म्हणजे बरा झालो असं वाटतं, पण जंतू रक्तातून सगळीकडे गेलेला असतो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात, त्यांना लोक उष्णतेचे म्हणतात.

उलटा फसवा प्रकारही आहे. ऐन दुसऱ्या टप्प्यात प्रतिपिंडं इतकी जास्त असतात की रक्त पातळ न करता केलेली व्हीडीआरएल चक्क निगेटिव्ह दिसते. याला प्रोझोन म्हणतात. तळहातावर चट्टे आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर लॅबला 'डायल्यूशन करून परत लावा' असं लिहून द्यावं लागतं.

उपचार सुरुवातीच्या टप्प्यात एकच: बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख. वर्षापेक्षा जुना किंवा कधीचा ते ठाऊक नसलेला असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी, चट्टे जास्त लाल होणं हे मरणाऱ्या जंतूंमुळे होतं. ती ॲलर्जी नव्हे, पण धाप लागली किंवा अंगावर गांधी उठल्या तर तसंच परत दवाखान्यात. म्हणूनच इंजेक्शन ॲलर्जीची विचारपूस करून आणि आणीबाणीची औषधं हाताशी असतील तिथेच घ्यायचं.

इंजेक्शनच्या दिवशीचं टायटर जपून ठेवा. नंतर सहा आणि बारा महिन्यांनी त्याची तुलना होते. १:३२ वरून १:८, म्हणजे दोन पायऱ्या खाली, हे यश. १:८ वरून १:४ ला तसा काही अर्थ नाही, एका पायरीचा फरक मोजणीतच पडतो. प्रत्येक वेळी तीच चाचणी आणि शक्यतो तीच लॅब. एकदा व्हीडीआरएल आणि एकदा आरपीआर केलंत तर आकडे जुळवता येत नाहीत. टीपीएचए मात्र उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. ती पाहून कुणी दर वर्षी इंजेक्शन देत असेल तर जुना कागद दाखवा.

---

खोली_नंबर_१३

सरकारी बाजू सांगते. जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयं, उपजिल्हा आणि बरीच ग्रामीण रुग्णालयं इथे आयसीटीसी असतं, पाटीवर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' लिहिलेलं. एचआयव्ही चाचणी मोफत. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, थेट येता येतं. ओपीडीच्या वेळेत, शक्यतो सकाळी या. सकाळी रक्त दिलं तर रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिथे थांबत नाहीत. लक्षण नसलेल्या माणसात वेगवेगळ्या तत्त्वांवरची तीन किट एकामागून एक पॉझिटिव्ह आल्याशिवाय 'एचआयव्ही बाधित' असा रिपोर्ट निघत नाही. खासगीत एका कार्डवर 'रिअ‍ॅक्टिव्ह' लिहून मिळालं असेल तर खचून न जाता हीच पायरी इथे येऊन पूर्ण करा.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (लागू १० सप्टेंबर २०१८ पासून) तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गोपनीय ठेवावा लागतो. नाव विचारतात, नोंद मात्र सांकेतिक क्रमांकाने होते. समुपदेशक खासगी प्रश्न विचारेल: कोणाशी, कुठल्या प्रकारचा संबंध, किती दिवस झाले. लाजून 'मित्रासाठी विचारतोय' म्हणू नका. दिवस चुकीचे सांगितलेत तर परत यायची तारीखही चुकीचीच मिळेल.

बाकीच्या आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक', बहुधा त्वचा-गुप्तरोग किंवा स्त्रीरोग ओपीडीला जोडून. तिथे तपासणी, सिफिलिसची रक्तचाचणी आणि औषधं मोफत. पण प्रामाणिकपणे सांगते, ही यंत्रणा मुख्यतः लक्षणं असलेल्यांसाठी बेतलेली आहे. लघवीच्या जागी पू आला तर करडं किट मिळतं: अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, समोरच घ्यायचं. पांढरं जात असेल तर हिरवं, फोड असतील तर लाल. चांगली सोय आहे, रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी उपचार होतो. पण लक्षणच नसलेल्याला देणार काय? क्लॅमिडियाची पीसीआर बहुतेक ठिकाणी नाही, ती खासगीत, काही हजारांत. म्हणून एचआयव्ही आणि सिफिलिस आमच्याकडे मोफत, पैसे फक्त पीसीआरवर घाला.

कुठलं केंद्र जवळ, हे १०९७ वर विचारा. मोफत आहे.

आणि एक गोष्ट दिवसांत नाही, तासांत मोजायची. निरोध फाटला, जोडीदार बाधित आहे आणि उपचारावर नाही असं कळलं, बळजबरी झाली, तर तपासणीची वाट बघायची नाही. पीईपीच्या (संबंधानंतर एचआयव्ही रोखायच्या) गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस सलग. रात्री ओपीडी बंद असते, अपघात विभाग मात्र चालू असतो.

हेही थांबवा: "रक्तदान केलं की ते तपासतातच." रक्तपेढीत एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया बघतात हे खरं. पण तुम्ही विंडो पिरियडमध्ये (लागण झाली पण चाचणीत अजून दिसत नाही अशा दिवसांत) असाल तर चाचणी निगेटिव्ह येणार आणि पिशवी दुसऱ्याला चढणार.

---

प्रसूती_वॉर्ड

बायकांसाठी दोन-चार गोष्टी, वर राहून गेल्या. पीसीआरला लघवीपेक्षा योनीचा स्वॅब जास्त चांगला आणि तो स्वतः घेता येतो: साधारण ५ सेंमी आत, १० ते ३० सेकंद फिरवायचा, बाहेर काढताना मांडीला लागू न देता सरळ नळीतल्या द्रवात. आदल्या दिवशी योनीत क्रीम, गोळी किंवा आतून धुणं नको. अंगावरून पांढरं जातं म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊन मग तपासायला येणं, हा सगळ्यात मोठा घोटाळा. ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा एक परजीवी) बघायची साधी काचपट्टी दहा-वीस मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवी. जंतू हलताना दिसला तर निदान, थंड होऊन थांबला की पूपेशींत हरवतो. लॅब दुसऱ्या गावात असेल तर तिथेही पीसीआरच.

क्लॅमिडिया दुर्लक्षित राहिला तर वर चढून गर्भनलिकांना सूज येते, त्या चिकटतात. पुढे मूल न होणं किंवा नळीत गर्भ राहणं. वर्षानुवर्षं काही न दुखता हे होऊ शकतं.

एचपीव्हीसाठी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) रक्ताची चाचणी नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका. तिशीनंतर गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी दर पाच वर्षांनी, किंवा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) दर तीन वर्षांनी.

गरोदरपणात पहिल्याच भेटीत एचआयव्ही, सिफिलिस, एचबीएसएजी. नवऱ्याचा रिपोर्ट जोखमीचा असेल तर शेवटच्या तिमाहीत परत. सिफिलिस निघाला तर गरोदरपणात पेनिसिलिनला पर्याय नाही, आणि शेवटचं इंजेक्शन आणि बाळंतपण यांत किमान ३० दिवस हवेत, नाहीतर बाळालाही उपचार लागतात.

---

चौथा_मजला

आभार, परवा जातो. हेपॅटायटिस बी ची लस लहानपणी घेतली की नाही ते घरी कुणालाच आठवत नाही. आणि एक सांगायचं राहिलं, मागच्या आठवड्यात घसा दुखला म्हणून अझिथ्रोमायसिन ५०० तीन दिवस घेतली होती. फरक पडतो का?

---

नळीवाली

लसीसाठी एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीएस (संरक्षक प्रतिपिंडं) आणि अँटी-एचबीसी टोटल (आधीच्या किंवा आत्ताच्या लागणीची खूण) लावा. अँटी-एचबीएस १० किंवा वर आणि बाकी दोन्ही निगेटिव्ह म्हणजे लस लागू झालेली. तिन्ही निगेटिव्ह असतील तर ०, १ आणि ६ महिन्यांना तीन डोस.

अझिथ्रोने फरक पडतो. फॉर्मवर तारखेसकट लिहा.

---

स्किन_ओपीडी

बराच पडतो. त्या गोळ्यांनी क्लॅमिडिया कदाचित गेला असेल, गनोरिया अर्धवट दबला असेल, आणि सिफिलिस उबत असेल तर तो पुढे ढकलला जाऊ शकतो. पीसीआर परवा द्याच. पॉझिटिव्ह आली तर ती मेलेल्या जंतूची की जिवंत, हे लगेच ओळखता येत नाही, म्हणून उपचार करूनच टाकू. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दोन वेळा सात दिवस, जोडीदारालाही, आणि सात दिवस संबंध बंद. गनोरिया निघाला तर सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन, सिप्रो नको, तिला हा जंतू आता दाद देत नाही. क्लॅमिडियाच्या उपचारानंतर चार आठवड्यांच्या आत पीसीआर परत करू नका, मेलेल्या जंतूचा अंश खोटी पॉझिटिव्ह देतो. पुन्हा लागण झाली का ते बघायला तीन महिन्यांनी. निगेटिव्ह आली तरी चार आठवड्यांनी घशाचा स्वॅब आणि लघवी एकदा परत.

सिफिलिसची तीन महिन्यांची तारीख मात्र चुकवू नका. आणि त्या जोडीदाराला कळवा, तिच्या घशाचा स्वॅब अजून कुणी घेतलेला नाही.